शाळेचा गडी

कॉलेजात शिकत असताना मला कोणी विचारले, "कुठं राहतोस?" तर मी सांगत असे, "शाळेत." "शिक्षक आहेस?" "नाही." "मग शिपाई?" "नाही." यापुढे समोरचा माणूस गप्प होई आणि मीही. शाळेच्या शेतावरचा गडी आहे, एवढे शब्द तोंडातून बाहेर पडायला मला पहिले सहा महिने लागले. पुढे याच कॉलेजात चौतीस वर्षे शिकवले. पण माझे खरे शिक्षण कुठे झाले असे कोणी विचारले, तर त्या चार एकरांचे नाव घ्यावे लागेल. तिथे मी एक चूक केली. ती कोणाच्या लक्षात येण्याजोगी नव्हती. पण ती घडली नसती तर मी काही शिकलोही नसतो.

जून 1977. मी एस.एस.एल.सी. पास झालो होतो. वडील नव्हते. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जाई. संध्याकाळी ती परत येई तेव्हा डोक्याचे फडके तपकिरी झालेले असे, आणि रात्रभर खोकल्याची उबळ थांबत नसे. तिच्या मजुरीत पी.यू.सी.ची फी बसत नव्हती. मी शाळेत दाखला आणायला गेलो तेव्हा हेडमास्तरांनी विचारले, "पुढं काय?" मी खाली बघितले. ते म्हणाले, "शेतावर माणूस पाहिजे. राहायला खोपट आहे. दोन वेळचं बोर्डिंगात जेव. फी शाळा भरेल, वर महिन्याला तीस रुपये. कॉलेजला सायकलनं जा. पण रात्री शेत सोडायचं नाही."

आमची शाळा निपाणीहून चिक्कोडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, सात मैलांवर. शाळा निघाली त्या वेळी गावातल्या एका शेतकऱ्याने चार एकर काळी जमीन तिच्या नावाने केली होती. पीक येईल ते बोर्डिंगच्या मुलांच्या ताटात, उरेल त्याची वह्या-पुस्तके, असा रिवाज. शनिवारी मुले शेतात राबत. बाकीचे सहा दिवस आणि सातही रात्री शेत माझे. म्हणजे माझे नव्हे, माझ्या हवाली.

शाळेला शेत कशाला, असे मी एकदा हेडमास्तरांना विचारले होते. ते स्वतः साताऱ्याच्या बोर्डिंगात, कमवा आणि शिका या वाटेने शिकलेले. त्यांनी मला महात्मा फुल्यांपासून सांगायला सुरुवात केली. 1882 साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचे ज्ञान द्यावे आणि जोडीला लहानसे नमुना-शेत असावे असे मागितले होते. सरकारकडून ते झाले नाही. मग 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले आणि मुलांच्या हातात पाटीबरोबर कुदळही दिली. 1927 मध्ये गांधीजी साताऱ्याला आले तेव्हा त्या बोर्डिंगला शाहू छत्रपतींचे नाव दिले गेले. भाऊरावांचा जन्म आपल्याकडून फार लांब नसलेल्या कुंभोजचा, आणि त्यांचे मूळ घराणे दक्षिणेतल्या मूडबिद्रीकडचे असे सांगतात. "म्हणजे बघ," हेडमास्तर म्हणत, "तो माणूस मूळचा कुठला, यावर सीमेच्या दोन्ही बाजूंना भांडण लागायला हरकत नाही. पण त्यानं भांडण लावलं ते दगडधोंड्यांशी."

आजूबाजूला सगळी तंबाखू. अक्कोळच्या बाजूची जमीन तर विडीच्या तंबाखूसाठी नावाजलेली. आमच्या शेतात तंबाखू लावली असती तर बोर्डिंगला दुप्पट पैसा मिळाला असता, असे गावातले लोक सांगत. हेडमास्तर ऐकत नसत. "शाळेच्या शेतात जे पिकेल ते शाळेच्या ताटात आलं पाहिजे." म्हणून पावसाळ्यात भुईमूग आणि तूर, नंतर शाळू, विहिरीजवळ चार वाफे मिरची. विहिरीला इंजीन होते, पण डिझेलला पैसे नसले की ते नुसते शोभेला.

राखणदाराचे काम दिसायला सोपे. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी. शाळू दाण्यात आला की माळ्यावर बसून गोफण. भुईमूग काढणीला आला की रात्रीची जागल. मोकाट जनावर शिरले तर कोंडवाड्यात नेणे. पण ते जनावर कोणाचे आहे हे आधी बघून घेणे, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्याच दारावरून सायकल न्यायची असते. पाऊस पडून गेला की बांधावरून अनवाणी चालायचे. पायाला जिथे गारवा लागेल आणि माती बसेल तिथे घुशीचे बीळ समजायचे. ते त्याच दिवशी दगडमातीने ठेचून बुजवले नाही, तर पुढच्या पावसात ताल फुटते आणि वीतभर काळी माती ओढ्याला जाते. ही माती परत येत नाही. पुस्तकातले पुष्कळ विसरलो, पण तळपायाने बीळ ओळखायची विद्या अजून माझ्याजवळ आहे.

आणि एक काम होते. हेडमास्तरांनी मला शंभर पानी वही दिली होती. रोज संध्याकाळच्या फेरीनंतर तारीख घालून एक ओळ लिहायची. काही घडले असेल तर ते, नाही तर एवढेच: 'आज शेत जसे होते तसे आहे.' खाली सही. मला हा प्रकार हास्यास्पद वाटे. पण फी शाळा भरत होती. मी लिहीत असे.

आमच्या पूर्वेच्या बांधाला लागून एका म्हाताऱ्याचे शेत होते. सगळे त्यांना अज्जा म्हणत, मीही. ते घरी कन्नड बोलत, बाजारात मराठी, आणि बैलांशी दोन्ही. मी आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी बांधापलीकडून हाक मारली, "तम्मा, ऊट आतेन?" जेवलास का? मी शाळेत कन्नड शिकलो होतो, परीक्षेत मार्कही बरे पडले होते. पण कन्नडात मला कोणी जेवणाचे विचारलेले ते पहिल्यांदा. मी मान हलवली. "बा, कुंद्रु," म्हणून त्यांनी बसायला जागा केली. त्या दिवसापासून दुपारचे ताक आणि शेंगदाण्याच्या चटणीचा गोळा माझ्या वाटणीला ठरून गेला.

मी थोडा मोकळा झाल्यावर त्यांनीच एकदा विचारले, "तू कोण शाळेचा?" मी म्हटले, "गडी." ते खूप हसले. कन्नडमध्ये गडि म्हणजे सीमा. "मास्तरनं बरोबर माणूस ठेवला. शाळेचा गडि!" मग आम्ही दोघे एकमेकांना शब्द विचारू लागलो. मजा अशी, की सीमेचे शब्द दोन्हीकडे सारखेच निघाले. आपली हद्द, त्यांची हद्दु. आपला बांध, त्यांचा बांदु. आपली मोजणी, त्यांचीही मोजणि. दोन भाषा ज्यावरून भांडतात, त्याला दोघींनी एकच शब्द वापरावा याचे मला तेव्हा नवल वाटले होते.

अज्जांच्या शेतात तंबाखू. श्रावणात रोपे लावायची, कळी दिसली की शेंडा खुडायचा, मग बगलेतून फुटवे येतात तेही काढत राहायचे, तेव्हा कुठे पान जाड होते. मी फुरसतीला त्यांच्याबरोबर फुटवे काढत असे. बोटांना काळा चिकट डिंक बसे, तो साबणाने जात नसे. कॉलेजात मी हात टेबलाखाली ठेवून बसायचो. त्या पहिल्या पावसाळ्यात मला थंडीताप आला. खोपटात दोन दिवस पडून होतो. तिसऱ्या दिवशी अज्जांनी बैलगाडी जुंपून मला निपाणीला डॉक्टरकडे नेले आणि रात्री परत आणले. औषधाचे पैसे घेतले नाहीत.

हे सगळे सविस्तर सांगतो आहे ते अशासाठी, की पुढचे ऐकताना कोणी अज्जांना वाईट म्हणू नये.

1978 चा चैत्र. तंबाखू निघाली होती, बुडखी उपटून झाली होती आणि अज्जा नांगरट करत होते. संध्याकाळच्या फेरीला मी पूर्वेच्या बांधावर आलो तर बांधाची त्यांच्याकडची कड ताजी कापलेली. गवताची मुळे उघडी पडली होती. नांगराचे शेवटचे दोन तास बांधाच्या पोटातून गेले होते. एक तास म्हणजे नऊ-दहा इंच. पुढे कुळवणी झाली, पाऊस पडला, तेव्हा ढासळलेली माती सारखी करून बांध पुन्हा बांधासारखा दिसू लागला. फक्त आमच्या बाजूला सरकून. आपल्याकडे बांध कोरणे हा प्रकार कोणाला समजावून सांगायला नको. सख्ख्या भावांची डोकी त्यावरून फुटलेली आहेत. मी तिथे उभा राहिलो. समोर अज्जा बैल सोडत होते. त्यांनी हात वर केला. मीही केला.

खोपटात आलो आणि वही उघडली. पुष्कळ वेळ बसलो. मग तारीख घातली आणि लिहिले: 'आज शेत जसे होते तसे आहे.'

मनाशी म्हटले, उद्या अज्जांशी बोलू. उद्या ताक आले. परवा म्हटले, वीतभर मातीसाठी त्यांना काय बोलायचे? त्यांनी मला गाडीत घालून नेले. शिवाय जमीन काही माझ्या बापाची नाही, शाळेची; आणि शाळेला हातभर मातीने काय फरक पडतो? या शेवटच्या वाक्यावर मी निर्धास्त झालो. पुढच्या चैत्रात आणखी दोन तास गेले. या वेळी मला विशेष काही वाटले नाही. कोपऱ्यावरचा हद्दीचा दगड, ज्याला अज्जा बांदुकल्लु म्हणत, तो कलला होता. मी तोही पाहिला आणि पुढे गेलो.

नोव्हेंबर 1979 मध्ये शाळेला शेताच्या कडेला दोन खोल्या बांधायच्या ठरल्या. त्यासाठी नकाशा हवा, म्हणून मोजणी मागवली. मोजणीदार आले, साखळी पसरली. तेहतीस फुटांची ती साखळी, तिचे सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे गणित मला तोंडपाठ होते. ते जमिनीवर उलगडताना प्रथमच पाहिले. पूर्वेचा बांध बरोबर दहा साखळ्या भरला, तीनशे तीस फूट. आणि तो मूळ हद्दीपासून तीन-सव्वातीन फूट आत आलेला निघाला. म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एकशेसाठ गुंठ्यांतला एक. बघायला अर्धे गाव जमले होते. कोणीतरी हसले. अज्जा आपल्या शेतात पाठ करून उभे होते.

संध्याकाळी हेडमास्तरांनी मला वह्या घेऊन बोलावले. अडीच वर्षांत त्या आठ झाल्या होत्या. त्यांनी सावकाश पाने उलटली.

"या ओळी तूच लिहिल्यास?"

"हो सर."

"बांध सरकलेला तुला दिसला नव्हता?"

नाही म्हणायला जागा होती. घूस, पाऊस, ढासळलेली माती, काहीही सांगता आले असते. "दिसला होता."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या चैत्रापासून."

ते काही वेळ बोलले नाहीत. मी मनात हिशेब करत होतो. दीड वर्षाच्या वर, रोज एक ओळ. साडेपाचशेच्या पुढे.

"जमिनीचं फार नाही," ते म्हणाले. "ती मोजणीनं परत येईल. या वह्यांचं काय करू? यातली आता कुठली ओळ खरी धरू?"

मला वाटले होते ते मला काढून टाकतील. ते म्हणाले, "शिपाई पाठवणार नाही, नोटीसही नाही. अज्जाकडं तू जा. तूच सांग."

चार एकरांत माझ्यावर एवढे अवघड काम कधी आले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. अज्जा सोप्यावर दावे वळत बसले होते. त्यांनी बस म्हटले नाही.

"अज्जा, बांध चार तास आत आलाय."

"कोण म्हणतंय?"

"मोजणीदार."

"तू काय म्हणतोस?"

"मीपण तेच म्हणतो. मी बघितलं होतं."

त्यांचे हात थांबले. "कवा?"

"पहिल्याच साली. बैल सोडत होता तुम्ही."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग रागाने नाही, थकल्यासारखे म्हणाले, "तवाच का बोलला नाहीस? एका तासाचं भांडण झालं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताक पिलो असतो. तू हात वर केलास, मी समजलो चालतंय. आता सरकारची साखळी आली, गाव जमलं, आणि या वयात मी चोर झालो."

मी काय बोलणार? मी शाळेचे नुकसान केले, हे मला रात्रीच कळून चुकले होते. पण अज्जांचेही केले, हे तोवर ध्यानात आले नव्हते. मी त्यांच्या उपकाराची फेड म्हणून गप्प बसलो होतो आणि त्या फेडीनेच त्यांना गावासमोर मान खाली घालायला लावली. राखणदार बोलतो तेव्हा दोन्ही शेते शाबूत राहतात. तो गप्प बसला की जमीन एकाची जाते आणि अब्रू दुसऱ्याची.

दोन दिवसांनी दगडापासून दगडापर्यंत सुतळी बांधून आम्ही बांध मागे घेतला. मी, बोर्डिंगची मोठी मुले, आणि अज्जा स्वतः फावडे घेऊन. त्यांनी मजूर लावला नाही. तीनशे तीस फुटांना तीन दिवस लागले. दुपारी ताक आले नाही. पुढे मी तिथे होतो तोवर कधीच आले नाही. समोरासमोर आलो तर ते बैलांशी बोलत.

वही मात्र बदलली. त्यानंतर 'जसे होते तसे' ही ओळ मी एकदाही लिहिली नाही, लिहिताच येईना. बघायला लागल्यावर कळले, की शेत एका दिवसापुरतेही जसे होते तसे नसते. वायव्य कोपऱ्यात नवे बीळ. तुरीच्या तिसऱ्या ओळीत दोन झाडे वाळली. विहिरीचे पाणी कालच्यापेक्षा एक पायरी खाली. बांधावर कोणाचे तरी गवत कापून नेलेले. कापणारी बोर्डिंगातल्या एका मुलाची आई. तिला विचारले, सरांना सांगितले, सरांनी एक भारा नेण्यास परवानगी दिली. एवढी ओळ आधी लिहायला शिकलो असतो, तर अज्जांचेही असेच काही निघाले असते. कोण जाणे, शेवटचे दोन तास का मारले ते त्यांनी सांगितले असते. मी कधी विचारले नाही.

जून 1980 मध्ये मला निपाणीत एका दुकानी हिशेब लिहिण्याचे काम मिळाले आणि मी शेत सोडले. निघताना अज्जांच्या घरी गेलो. ते शेतात गेल्याचे घरात सांगितले गेले. मघाशीच मी त्यांना सोप्यावर पाहिले होते.

मार्च 1981 मध्ये निपाणीजवळ तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांचे आंदोलन सुरू झाले. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. खेड्याखेड्यांतून भाकरी येत. मराठी आणि कन्नड बोलणारे एकाच सावलीला बसलेले मी तिथे पाहिले. तंबाखूच्या भावाला दोन भाषा नव्हत्या. कॉलेज सुटल्यावर आम्ही मुले तिकडे जात असू. एके दुपारी गर्दीतून वाट काढत असताना मागून आवाज आला, "तम्मा!"

अज्जा बसले होते. मांडीवर फडक्यात भाकऱ्या. मी जवळ गेलो. त्यांनी माझ्या हाताकडे बघितले. आता बोटांवर डिंक नव्हता, शाई होती.

"ऊट आतेन?"

मी जेवलो होतो. "इल्ल, अज्जा," म्हणालो. त्यांनी सरकून जागा केली. भाकरी मोडली, वर शेंगदाण्याची चटणी ठेवली. बांधाविषयी ते काही बोलले नाहीत, मीही नाही. 6 एप्रिलला तिथे गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणास मुकले. त्या दिवशी अज्जा बैलांना वैरण घालायला घरी गेले होते, एवढे समजेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

अज्जा आता नाहीत, हेडमास्तरही नाहीत. शेतातल्या दोन एकरांवर खोल्या आणि मैदान झाले आहे. उरलेल्या दोन एकरांत गेल्या वेळी गेलो तेव्हा सोयाबीन होते. पहाणी आता संगणकावर निघते, आणा-साखळी कोणाला माहीत नाही. पूर्वेचा बांध मात्र तिथेच आहे. त्याच्यावरून अनवाणी चाललो. दोन ठिकाणी पायाला गारवा लागला. शाळेच्या शिपायाला दाखवून ठेवले.

शिकवण्याच्या चौतीस वर्षांत मी किती सह्या केल्या असतील त्याला गणती नाही. हजेरीपटावर, मुलांच्या वह्यांवर, उत्तरपत्रिकांवर, समितीच्या अहवालांवर. बहुतेक ठिकाणी आधीच छापलेले असते: तपासले, बरोबर आहे. समोर ओळखीचा, उपकार केलेला, ताक पाजलेला माणूस असे, आणि मन सांगे की संस्थेला एवढ्याने काय फरक पडतो. दर वेळी मी ते जिंकलो असे म्हणणार नाही. पण पेन टेकवण्यापूर्वी एकदा तरी तो संध्याकाळचा बांध दिसे, ताजा कापलेला, मुळे उघडी पडलेला. आणि पलीकडून हात वर करणारे अज्जा. मग मी पेन खाली ठेवी आणि समोरच्याला म्हणे, "बसा. आधी आपण जरा बोलू."